.३०३ रायफलीचा जन्म आणि आपल्या पलटणी

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत .३०३ रायफलीवर आलेला लेख आमच्या भागात पुष्कळांनी आवडीने वाचला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० सालच्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात या रायफलीला निरोप दिला आणि २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर पोलिसांच्या हातात हीच रायफल होती, हा अलीकडचा भाग लेखकाने नेटका मांडला आहे. परंतु तिच्या जन्माविषयी लिहिताना ती जगातील पहिली मॅगझीन रायफल (म्हणजे अनेक काडतुसे आपल्या पोटात साठवणारी) होती, ती एनफील्डच्या कारखान्याने शोधून काढली आणि १८८८ पासूनच मराठा पलटणी ती वापरू लागल्या, अशी तीन विधाने त्यांनी केली आहेत, आणि ती तिन्ही बरोबर नाहीत. माझी नोकरी सैन्यात शस्त्रदुरुस्तीच्या कामात गेली. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पलटणीत कोणी ना कोणी गेलेले नाही असे घर शोधावे लागेल, आणि अशा घरांतली मुले वर्तमानपत्रात छापलेले खरे मानून शाळेच्या वहीत उतरवून घेतात, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

पहिलेपणाचा मान द्यायचाच असेल तर तो स्वित्झर्लंडकडे जातो. फ्रिडरिश वेटर्ली यांची बोल्टवर, म्हणजे हाताने मागेपुढे करायच्या दांड्यावर, चालणारी, एकामागून एक गोळ्या झाडणारी रायफल स्विस सैन्याने १८६९ साली स्वीकारली. तिची काडतुसे नळीच्या खाली बसवलेल्या दुसऱ्या एका नळीत एकापुढे एक अशी रांगेने भरलेली असत. त्याआधी अमेरिकेच्या यादवी युद्धात स्पेन्सर आणि हेन्री यांच्या रायफली वापरल्या गेल्या होत्या, पण त्या बोल्टच्या नव्हेत, घोड्याभोवतीची कडी खाली ओढून चालवायच्या होत्या. युरोपातल्या सेनापतींचे डोळे खरे उघडले ते रशिया-तुर्कस्तान युद्धात, १८७७ साली बल्गेरियातल्या प्लेव्हना येथे. तिथे तुर्कांनी लांबच्या माऱ्यासाठी एकगोळी रायफली आणि जवळच्या माऱ्यासाठी अमेरिकन विंचेस्टर वापरून चालून येणाऱ्या रशियन फौजेची जी दैना केली, तिचा अभ्यास प्रत्येक राजधानीत झाला. जर्मनीने १८८४ साली आपल्या माउझरला नळीचे मॅगझीन बसवले, फ्रान्सने १८८६ साली धूर न करणाऱ्या दारूची लेबेल रायफल आणली, आणि इंग्रजांनी आपली मॅगझीन रायफल १८८८ च्या डिसेंबरात, म्हणजे स्विस लोकांच्या एकोणीस वर्षांनंतर, मंजूर केली.

उशीर झाला खरा, पण या उशिराचा इंग्रजांना फायदाही झाला. नळीच्या मॅगझीनमध्ये एका काडतुसाचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, म्हणजे नेमके जिथे आघात झाला की स्फोट होतो त्या ठिकाणी, टेकलेले असते; त्यामुळे गोळीचे टोक बोथट ठेवावे लागते. शिवाय प्रत्येक गोळीनिशी रायफलीचा तोल पुढून मागे सरकतो आणि रिकामी नळी भरायची तर एकेक काडतूस आत ढकलत बसावे लागते. जेम्स पॅरिस ली या कारागिराने या सगळ्यावर जो उपाय काढला तो पुढे जगभर चालला. बोल्टच्या खाली पत्र्याची पेटी, पेटीत वर दाबणारी स्प्रिंग, आणि काडतुसे एकावर एक आडवी ठेवलेली. बोल्ट मागे नेऊन पुढे ढकलला की वरचे काडतूस आपोआप नळीत जाते. ली यांचा जन्म १८३१ साली स्कॉटलंडमधल्या हॉइक गावचा. लहानपण कॅनडात गेले आणि कर्तृत्व अमेरिकेत झाले. पेटीच्या मॅगझीनचे त्यांचे पेटंट १८७९ चे, आणि त्याच सुमारास अमेरिकेच्या नौदलाने त्यांच्या काही रायफली घेतल्या होत्या. म्हणजे ज्या यंत्रणेला आपण अस्सल इंग्रजी समजतो ती अमेरिकेतून आली, बारीक कॅलिबरच्या काडतुसाची कल्पना स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिन यांच्याकडून आली, आणि लंडनच्या उत्तरेला एनफील्ड लॉक येथे असलेल्या सरकारी कारखान्याने हे सारे एकत्र बसवून चालते केले. १८५७ च्या चरबी लावलेल्या काडतुसांची ‘एनफील्ड’ ती हीच, असेही पुष्कळांना वाटते. ती ठासणीची, एका गोळीची बंदूक होती. कारखाना सोडला तर या दोघींचे काही नाते नाही.

आता १८८८ साली जी रायफल आली तिचे नाव, .३०३ ला आज आपण देतो ते, ली-एनफील्ड नव्हतेच. ती ली-मेटफर्ड, आणि आपल्या लेखात जिचा उल्लेखही नाही त्या या रायफलीतच खरी गोष्ट आहे. विल्यम एलिस मेटफर्ड हे इंग्लंडातल्या सॉमरसेट परगण्यातले रेल्वेचे इंजिनियर. ईस्ट इंडियन रेल्वेच्या कामासाठी ते १८५७ साली हिंदुस्थानात आले ते थेट बंडाच्या धामधुमीतच सापडले; बिहारमधल्या मुंगेर येथे गोऱ्या वस्तीच्या बचावाची तजवीज करण्यात त्यांचा हात होता, आणि प्रकृती ढासळल्याने वर्षभरातच त्यांना परतावे लागले. रुळांचे गणित करणाऱ्या या माणसाचा जन्माचा छंद मात्र नळीच्या आतल्या खाचांचा होता. गोळीला फिरकी मिळावी म्हणून नळीच्या आत मळसूत्री खाचा कोरलेल्या असतात हे वाचकांना माहीत असेलच. काळी दारू जळली की निम्म्याहून अधिक राख मागे ठेवते, आणि गुऱ्हाळातल्या काहिलीच्या कानाकोपऱ्यात काकवी धरून बसते तशी ती राख खाचांच्या कोपऱ्यांत घट्ट बसून राहते. दहावीस गोळ्यांनंतर पुढची गोळी नीट जात नाही, नेम बिघडतो. मेटफर्ड यांनी कोपरेच काढून टाकले. सात खाचा, अगदी उथळ, कडा गोलाकार. राख धरून राहायला जागाच नाही आणि प्रत्येक गोळी जाताना आधीची घाण पुसून नेते. ज्याने कोतमध्ये (पलटणीच्या शस्त्रकोठारात) पुलथ्रू, म्हणजे नळीतून ओढायची दोरी, आणि चिंदी घेऊन नळ्या साफ करण्यात उमेदीची वर्षे घालवली आहेत त्याला या कल्पनेची किंमत सांगावी लागत नाही.

ही नळी काळ्या दारूसाठी केलेली होती आणि रायफल आली तेव्हा काडतुसातही काळीच दारू होती. फ्रेंचांकडे बिनधुराची दारू दोन वर्षांपूर्वी आली होती, पण इंग्रजांकडे भरवशाची दारू तयार नव्हती, म्हणून .३०३ इंच, म्हणजे साधारण पावणेआठ मिलिमीटर नळीच्या काडतुसात काळी दारू दाबून, तिची वडी करून भरावी लागली. पुढे फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी १८८९ साली कॉर्डाइट तयार केले. नायट्रोग्लिसरीन, गनकॉटन आणि थोडेसे व्हॅसलीन यांचा लगदा सुतळीसारख्या दोऱ्यांच्या रूपात काढून केलेली ही दारू दोनेक वर्षांत .३०३ च्या काडतुसात आली. धूर जवळजवळ नाहीसा झाला, गोळीचा वेग वाढला, आणि मेटफर्डच्या नळीवर संकट आले. कॉर्डाइट राख ठेवत नाही, पण फार तापते. तिच्या झळीने नळीचे पोलाद काडतूस बसते त्या तोंडापासून पुढे झिजू लागते, आणि ज्या खाचा मुळातच केसाएवढ्या उथळ आहेत त्या झिजायला कितीसा वेळ लागणार? राखेसाठी काढलेला तोडगाच उष्णतेपुढे अपुरा पडला. म्हणून एनफील्डच्या कारखान्याने पाच खाचांची, जास्त खोल आणि चौकोनी कडांची नळी केली आणि १८९५ च्या अखेरीस तीच यंत्रणा या नव्या नळीसह ली-एनफील्ड म्हणून मंजूर झाली. मेटफर्ड यांच्या कामात खोट होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. त्यांच्या नळीखालची दारूच बदलली. तरीही जुन्या नळ्या लगेच मोडीत गेल्या नाहीत. १८९८ साली सुदानात ओमदुरमानच्या लढाईत गोऱ्या पलटणींच्या हाती ली-मेटफर्डच होती आणि दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातही ती दिसते.

त्या काळच्या अधिकाऱ्यांचा या मॅगझीनवर विश्वास किती होता याची साक्ष रायफलीच्या अंगावरच सापडते. पहिल्या प्रकारात पेटीत आठ काडतुसे मावत. १८९२ च्या दुसऱ्या प्रकारात ती दोन रांगांत बसवून दहा झाली. पण पेटीच्या वर एक सरकती पट्टी बसवलेली असे. ती आत ढकलली की पेटीचे तोंड बंद होई आणि शिपायाने जुन्या पद्धतीने एकेक काडतूस हाताने घालून झाडायचे. भरलेली पेटी राखून ठेवायची आणि शत्रू अगदी अंगावर आला, अधिकाऱ्याने हुकूम दिला, म्हणजेच उघडायची. शिपाई पेटी हरवील या धास्तीने सुरुवातीच्या पेट्या रायफलीला छोट्या कडीने जखडलेल्याही असत. हे वाचून आज हसू येते, पण काडतुसांच्या पेट्या खेचरांच्या आणि उंटांच्या पाठीवरून डोंगरात न्यायच्या असतील तर गोळ्या भराभर संपण्याची भीती अगदीच वेडेपणाची नव्हती. दुसरीकडे, रायफलीच्या डाव्या अंगाला दीड मैलापलीकडच्या जमावावर सगळ्या पलटणीने एकदम बार काढण्यासाठी वेगळी नेमपट्टी होती! त्यात किती गोळ्या वाया जात असतील याची चिंता कोणाला पडलेली दिसत नाही.

मला अधिक आक्षेप आहे तो तिसऱ्या विधानाला. १८५७ नंतर कंपनीचे राज्य जाऊन राणीचे आले तेव्हापासून हिंदी शिपायांच्या हाती गोऱ्या शिपायांच्या एक पिढी मागचे हत्यार द्यायचे हे ठरलेले धोरण होते. बंड मोडल्यावर हिंदी पलटणींना खाचा नसलेल्या गुळगुळीत नळीच्या बंदुका देण्यात आल्या, म्हणजे लांबचा नेम साधण्याची शक्तीच काढून घेतली गेली. गोऱ्यांना मार्टिनी-हेन्री मिळाली तेव्हा आपल्यांना त्यांनी टाकलेली जुनी स्नायडर रायफल मिळाली, आणि गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा आपल्यांच्या हाती मार्टिनी आली. मार्टिनी ही एका गोळीची, काळ्या दारूची रायफल. वायव्य सरहद्दीवर १८९५ च्या चित्राळ मोहिमेत आणि १८९७ च्या तिराह मोहिमेत हा फरक उघडा पडला. एकाच डोंगरावर, एकाच शत्रूविरुद्ध लढताना गोऱ्या पलटणीच्या बाराला धूर नाही आणि शेजारच्या हिंदी पलटणीच्या प्रत्येक बारानिशी पांढऱ्या धुराचा लोट उठून तिची जागा वरच्या पठाणाला दिसते आहे. आफ्रिदी टोळीच्या पठाणांकडे तर लुटून आणलेल्या थोड्या ली-मेटफर्डही होत्या. तेव्हा सरकारच्या शत्रूकडे सरकारच्या शिपायापेक्षा नवी रायफल असण्याचा प्रसंगही या सरहद्दीवर आला. हिंदी पलटणींना .३०३ मिळू लागली ती एकोणिसावे शतक सरता सरता आणि विसावे लागता लागता, एकदम नव्हे. त्यामुळे ‘१८८८ पासून मराठा पलटणींच्या हाती’ हे वाक्य इतिहास उलटा करते. ज्यांनी मागचे हत्यार घेऊन पुढच्या रांगेत लढाया केल्या त्यांच्या वाट्याची ती अडचणच त्यातून पुसली जाते.

चित्राळचा आणखी एक परिणाम आपल्याच देशात घडला. .३०३ ची गोळी बारीक, धातूच्या कवचाची आणि वेगवान. ती अंगातून आरपार जाई आणि धावून येणारा माणूस तसाच पुढे येई, अशी तक्रार मोहिमेनंतर झाली. कोलकात्याजवळच्या डमडमच्या शस्त्रशाळेत कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचे कवच काढून आतले मऊ शिसे उघडे ठेवले, म्हणजे ती अंगात शिरताच पसरावी. पसरणाऱ्या अशा गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेने बंदी घातली तरी डमडमचे नाव मात्र जगाच्या भाषांत कायमचे जाऊन बसले. लेखात डमडम गोळीचा उल्लेख दुसऱ्या महायुद्धाच्या संदर्भात आला आहे. तिचा जन्म याच रायफलीच्या पहिल्या दशकातला आहे.

बोअर युद्धातला धडा थोडक्यात सांगतो. बोअरांच्या माउझरमध्ये पाच काडतुसांची पट्टी एका दाबाने पेटीत रिकामी होई आणि इंग्रज शिपाई मात्र एकेक काडतूस बोटांनी भरत बसे. त्यातून चार्जर, म्हणजे काडतुसे एकदम भरायच्या तशाच पट्ट्या, आले, लांब आणि आखूड अशा दोन रायफलींऐवजी पायदळ आणि घोडदळ दोघांनाही चालेल अशी एकच आखूड रायफल आली, आणि १९०७ च्या तिसऱ्या प्रकाराने तिला जे रूप दिले तेच आज बहुतेकांना आठवते. पाच पाच काडतुसांचे दोन चार्जर घातले की पेटी भरली. मात्र काडतुसाच्या बुडाला कडा असल्याने वरच्याची कड खालच्याच्या कडेपुढेच राहिली पाहिजे. उलटी पडली की पेटी अडलीच म्हणून समजा, आणि ती अडते ती नेहमी फायरिंग रेंजवर साहेब पाहायला आले असतानाच! बोल्ट जागी अडकवणाऱ्या खुंट्या मागच्या बाजूला असल्यामुळे तो थोडाच मागे ओढावा लागतो, आणि घोड्याची स्प्रिंग बोल्ट पुढे ढकलताना ताणली जाते. सराईत हाताला मिनिटाला पंधरा नेमाच्या गोळ्या जमत त्या या दोन गोष्टींमुळे. दोन्ही गोष्टी ली यांच्या मूळ आराखड्यातल्याच आहेत. बोल्ट आणि बॉडी यांचे नंबर जुळलेच पाहिजेत हा आमचा दंडकही याच यंत्रणेतून आला, कारण प्रत्येक बोल्ट आपल्याच रायफलीला घासून बसवलेला असतो.

१९१४ च्या शरद ऋतूत हिंदी फौज फ्रान्सला निघाली तेव्हाही तिच्याकडे जुन्या प्रकारच्या रायफली होत्या. मार्सेय बंदरावर उतरल्यावर त्या काढून घेऊन नव्या आखूड रायफली आणि नवी काडतुसे देण्यात आली, आणि हातात पुरती न बसलेली ती रायफल घेऊन ते लोक काही आठवड्यांत खंदकांत उभे राहिले. मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या; तो वेढा १९१५ च्या डिसेंबरपासून १९१६ च्या २९ एप्रिलपर्यंत चालला. युद्धानंतर, १९२२ च्या पुनर्रचनेत, या पलटणी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत एकत्र आल्या आणि बेळगाव हे त्यांचे शिक्षणकेंद्र झाले. देशात रायफली बनवण्याची सोय इशापूरला १९०४ साली झाली होती, आणि तिला लागणारे कॉर्डाइट निलगिरीतल्या अरुवनकाडूच्या कारखान्यातून येऊ लागले होते. १९६२ च्या युद्धानंतर इशापूरने हीच यंत्रणा ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवली. म्हणजे ली यांची १८७९ ची पेटी आणि बोल्ट नाव बदलून स्वतंत्र भारताच्याही कामी आली.

लेखाबरोबर छापलेल्या छायाचित्राबद्दलही एक शब्द. त्याखाली ‘१८८८ ची रायफल’ असे लिहिले आहे, पण चित्रात लाकूड आणि पुढचे टोपण नळीच्या अगदी तोंडापर्यंत आलेले आहे. ती १९०३ नंतरची आखूड रायफल. ली-मेटफर्डची नळी तीस इंचांहून थोडी लांब, लाकडाच्या पुढे स्पष्ट बाहेर आलेली, आणि तिच्या खाली सफाईची गज असते. आखूड रायफलीची नळी पंचवीस इंचांच्या आसपास. आपल्या भागातल्या आणि पलीकडे चंदगड, गडहिंग्लजच्या घरांतही आजोबा-पणजोबांचे वर्दीतले फोटो भिंतीवर आहेत. त्यात रायफल असेल तर तिचे तोंड पाहावे. घोड्याच्या पुढे पेटीच नसेल आणि मागे लांब कडी खाली आलेली असेल तर ती मार्टिनी. पेटी आहे आणि नळीचे टोक उघडे आहे तर लांब ली-मेटफर्ड किंवा ली-एनफील्ड. या दोघींतला फरक बाहेरून ओळखणे फोटोवरून अवघड आहे, तो नळीच्या आत आहे. टोक टोपणाने झाकलेले असेल तर आखूड रायफल, आणि तो फोटो बहुधा पहिल्या महायुद्धाच्या वेळचा किंवा त्यानंतरचा.

तेव्हा विनंती अशी की, येत्या रविवारच्या पुरवणीत त्याच पानावर या तीन विधानांचे आणि छायाचित्राच्या ओळीचे शुद्धिपत्र द्यावे. जागा थोडी असल्यास बाकी सर्व वगळले तरी चालेल, पण हिंदी पलटणींना ही रायफल १८८८ साली मिळालेली नव्हती एवढे वाक्य कृपया राहू द्यावे.

कळावे,
आपला नियमित वाचक,
एक निवृत्त सैनिक, बेळगाव तालुका